न्याहारी, निहारी आणि एक टेबल

शेतावर कामाला गेलेल्या माणसासाठी सकाळी भाकरी-पिठलं येतं, त्याला आपण न्याहारी म्हणतो. मुंबईच्या भेंडीबाजारात रात्रभर मंद आचेवर शिजलेला मांसाचा दाट रस्सा मिळतो, त्याला निहारी म्हणतात. दोन्ही शब्द एकाच घरातले. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस. त्यावरून दिवसाच्या सुरुवातीचं खाणं ते निहारी, आणि मराठीच्या ओसरीवर आल्यावर तीच न्याहारी झाली. गंमत अशी की रमजानमध्ये हा सकाळचा पदार्थ लोक मागतात तो सूर्य मावळल्यावर!

रमजानच्या रात्री मुंबईत मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. सीख कबाब, बैदा रोटी, खिचडा, मालपुवा, फिरनी. खाणाऱ्यांमध्ये दिवसभर रोजा ठेवलेले असतात, तसेच डोंबिवलीहून लोकल पकडून आलेले कॉलेजचे मित्रमैत्रिणीही असतात. १९२३ साली सुरू झालेल्या नूर मोहम्मदी हॉटेलात नल्ली निहारीसाठी वाट पाहणाऱ्या रांगेत कोण कोणत्या धर्माचा, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. बाहेर जाऊन चार घास खाणं ही आज इतकी साधी गोष्ट झाली आहे की ती कधी काळी साधी नव्हती, हे आपण विसरलो आहोत.

थोडं मागे जाऊ. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात मोठं वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांची भाषा झाली. कारण काय, तर परधर्मीयांच्या घरचा एक कप चहा. रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' अशा वेगळ्या सोयी तर त्यानंतरही अनेक वर्षं होत्या.

कोल्हापूरची गोष्ट याच्या उलट आहे. दलित समाजातील गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' हे त्याचं नाव. पण पाटी लावली म्हणून गिऱ्हाईक येईलच असं नव्हतं. मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही तोच चहा देऊ लागले. समतेचं भाषण ऐकून माणूस घरी जाऊन विसरू शकतो, पण ओठाला लागलेला कप नाकारता येत नाही, हे त्या राजाला नेमकं कळलं होतं.

मुंबई-पुण्यात हेच काम इराण्यांनी गाजावाजा न करता केलं. यझ्द, केरमानकडून आलेले झरतुष्ट्री आणि इराणी मुस्लिम यांनी ही हॉटेलं काढली. मुंबईत १९०४ ची कयानी, पुण्यात डेक्कनवर १९३५ ची गुडलक. संगमरवरी टेबल, ब्रून मस्का आणि बशीत ओतलेला चहा. हमाल, कारकून, वकील आणि विद्यार्थी यांना जागा मिळेल तिथे बसावं लागे. समोरच्या अनोळखी माणसाकडे साखर मागताना त्याची जात विचारायची सोय नव्हती. दोन-तीन पिढ्यांना शेजारी बसून खायची सवय लागली ती अशी.

ही सवय अजून शाबूत आहे का, असा प्रश्न अलीकडे पडतो. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांनी मालकांची नावं ठळक लावावीत, असे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्यांना अंतरिम स्थगिती दिली आणि सांगितलं की, कोणतं अन्न मिळतं ते लिहा, नावाची सक्ती नको. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. ताटात काय आहे हे विचारणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. ताट वाढणारा कोण, हे विचारू लागलो की आपण पुन्हा १८९० च्या पुण्यात जाऊन बसतो.

आमच्या स्टाफरूममध्ये निवृत्तीच्या पार्टीचं हॉटेल ठरवणं म्हणजे गोलमेज परिषदच. एकाला शुद्ध शाकाहारी हवं, एकाचा गुरुवार, जैन मॅडमना कांदा-लसूण चालत नाही, मी हलाल आहे का विचारणार, आणि दोघांचा डोळा परमिट रूमवर. शेवटी आम्ही उडप्याकडे जातो आणि मसाला डोशावर सर्वांचं एकमत होतं! परमिट रूमला गेलोच, तर माझ्यासमोर लिंबू सोडा असतो. माझे काही मुस्लिम मित्र मद्य असलेल्या टेबलावर बसणंच टाळतात. त्यात त्यांच्या श्रद्धेचा आदर असतो, यजमानाचा अनादर नसतो. आमच्या सहकाऱ्यांनी हे कधी मनाला लावून घेतलेलं नाही. 'नको' हा शब्द ज्या टेबलावर निर्धास्त उच्चारता येतो, तिथेच दोस्ती टिकते.

रमजानमध्ये बाहेर जेवायला जाणाऱ्या वाचकांसाठी दोन-चार साध्या गोष्टी. मगरिबच्या अजानच्या वेळी मुस्लिम मोहल्ल्यातल्या हॉटेलात बसला असाल, तर वेटरला दहा मिनिटं हाक मारू नका. तो पहाटेपासून पाण्याच्या थेंबाविना उभा असतो आणि एक खजूर, पेलाभर पाणी घेऊन लगेच तुमच्याच ऑर्डरकडे वळणार असतो. त्याने खजूर पुढे केला तर जरूर घ्या. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्यालाही रोज्याइतकंच पुण्य, असं आमच्याकडे मानतात. तुम्ही त्याला एखादं फळ दिलंत, तरी तो ते आनंदाने घेईल. शाकाहारी असाल तर फिरनी निश्चिंत मागा. तांदळाचा रवा आणि दुधाची ही खीर मातीच्या सकोऱ्यात लावतात, कारण माती जास्तीचं पाणी शोषते आणि फिरनी घट्ट बसते. मालपुव्यात मात्र तिथे बहुधा अंडं असतं, तेव्हा विचारून घ्या. आणि दुपारी एखादा मुस्लिम मित्र जेवताना दिसला तर 'रोजा नाही का?' असं विचारू नका. आजारी आणि प्रवासी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. त्याचं दुखणं त्याला चारचौघांत सांगावं लागू नये.

आम्हा मुस्लिमांनाही एक सांगायचं आहे. रमजानमध्ये शहर आपल्या गल्लीत येतं याचा अभिमान जरूर असावा, पण आपणही बाकीच्या अकरा महिन्यांत शहराकडे जायला हवं. हुरड्याच्या पार्टीचं बोलावणं आलं, कोजागरीच्या मसाला दुधाचं आलं, शेजारच्या वहिनींनी पुरणपोळी खायला बोलावलं, तर कामाची सबब सांगू नये. जेवणाचं निमंत्रण एकाच बाजूने फिरत राहिलं, तर त्याला पाहुणचार म्हणतात. दोन्ही बाजूंनी फिरलं की शेजार होतो.

चांद्र पंचांगामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्यामुळे तो कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत, आणि काही वर्षांनी श्रावणातही येईल. तेव्हा सोमवारचा उपास सोडणारा आणि रोजा इफ्तार करणारा एकाच संध्याकाळी भुकेले असतील. त्या दिवशी एखाद्या हॉटेलात साबुदाणा वडा आणि खजुराची बशी एकाच टेबलावर यावी. बिल कोण देणार यावरून थोडी ओढाताण झाली तरी चालेल.