थांबलेले रूळ – ७ : लाकडी पुलावरची ‘हेलिंग बिली’

गेल्या आठवड्यात आपण डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल पाहिला. मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने सुमारे पाच हजार मैलांचे लोहमार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करण्याची शिफारस केली. तेव्हापासून इंग्लंडमधल्या कुठल्याही बंद रेल्वेचं खापर बीचिंग यांच्या डोक्यावर फोडायची सवयच पडून गेली. आजचा शाखामार्गही त्याच वर्षी बंद झाला. त्याचा घात मात्र अहवालाने नाही, एका लाकडी पुलाने केला.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथच्या पूर्वेला हेलिंग नावाचं एक सपाट बेट आहे. दक्षिणेला समुद्रकिनारा, पश्चिमेला आणि पूर्वेला ओहोटीच्या वेळी चिखलाने उघड्या पडणाऱ्या उथळ खाड्या. मुख्य भूमीवरचं हॅवंट हे लंडन–पोर्टस्मथ मार्गावरचं जंक्शन. तिथून बेटाच्या दक्षिण टोकापर्यंतचं अंतर जेमतेम साडेचार मैल. एवढ्याशा मार्गाचा जन्मही सरळपणे झाला नाही. १८६० मध्ये संसदेची परवानगी मिळाल्यावर प्रवर्तकांनी बेटावरची जमीन विकत घेण्याचा खर्च वाचवायचं ठरवलं आणि रूळ चक्क पश्चिमेच्या खाडीतल्या चिखलावर, बांध घालून टाकायला घेतले. समुद्राने तो बांध फोडला. अखेर रूळ बेटाच्या पक्क्या जमिनीवर आणावे लागले. १८६५ मध्ये मुख्य भूमीच्या काठावरच्या लँगस्टनपर्यंत मालगाड्या सुरू झाल्या आणि जुलै १८६७ मध्ये प्रवासी थेट बेटावर उतरू लागले. त्या फसलेल्या बांधाचे अवशेष आजही खाडीत दिसतात. १८७२ मध्ये लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे या मोठ्या कंपनीने हा मार्ग भाडेपट्ट्याने चालवायला घेतला, तेव्हा कुठे त्याला स्थैर्य आलं.

मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधल्या पाण्यावर जो पूल बांधला, त्यातच या मार्गाचं सगळं भविष्य लिहिलेलं होतं. सुमारे अकराशे फूट लांबीचा, लाकडी ओंडक्यांच्या खांबांवर उभा असलेला हा पूल. दोन्ही खाड्यांमधून होड्यांची ये-जा चालू राहावी म्हणून मधला एक गाळा फिरता ठेवलेला. होडी आली की गाळा वळवायचा, ती गेली की पुन्हा रुळाला रूळ जुळवायचा. असा पूल जड इंजिनाचा भार सोसू शकत नव्हता. गाड्यांना त्यावरून हळूच जावं लागे आणि इंजिन निवडताना पहिला प्रश्न त्याच्या ताकदीचा नसे, वजनाचा असे.

या अटीत बसणारं इंजिन योगायोगाने ब्रायटन कंपनीकडेच होतं. कंपनीचे इंजिनप्रमुख विल्यम स्ट्राउडली यांनी १८७२ पासून लंडनच्या उपनगरी गाड्यांसाठी छोटी टाकी-इंजिनं बांधली. एकूण ५०, प्रत्येकी सुमारे २८ टनांची. थेम्स नदीखालच्या, मार्क ब्रुनेल यांनी खोदलेल्या बोगद्यातूनही ती धावत. त्यांच्या भुंकल्यासारख्या आवाजावरून लोक त्यांना टेरियर म्हणू लागले. पुढे लंडनच्या गाड्या जड झाल्या आणि ही इंजिनं तिथे अपुरी पडू लागली. हेलिंगच्या पुलावर मात्र त्यांना पर्याय नव्हता. त्यामुळे इंग्लंडच्या रेल्वेत पिढ्यांमागून पिढ्या नवी इंजिनं येत राहिली, आणि या साडेचार मैलांवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली टेरियरच धावत राहिली. आसपास ठिणगी पडून आग लागू नये म्हणून त्यांच्या धुराड्यांवर ठिणग्या अडवणारी जाळीदार टोपी बसवलेली असे. जुन्या छायाचित्रांत हेलिंगची गाडी त्या बेढब टोपीवरून चटकन ओळखू येते. बेटावरचे लोक या गाडीला प्रेमाने ‘हेलिंग बिली’ म्हणत.

मधली स्थानकं दोनच, लँगस्टन आणि नॉर्थ हेलिंग. नॉर्थ हेलिंग म्हणजे खाडीच्या काठावरचा एक लाकडी फलाट. हिवाळ्यात गाडी बरीचशी रिकामी धावे, शाळकरी मुलं आणि पोर्टस्मथला कामाला जाणारी माणसं एवढेच तिचे प्रवासी. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी मात्र हॅवंटच्या फलाटावर बादल्या-फावडी घेतलेल्या मुलांची झुंबड उडे आणि चिमुकलं टेरियर खच्चून भरलेले डबे ओढत बेटाकडे निघे. मार्ग एकेरी, पूल नाजूक, इंजिन लहान. तरीही वेळापत्रक सांभाळलं जाई. जवळजवळ शंभर वर्षं हे काम बिनबोभाट चालू ठेवणाऱ्या रेल्वे कामगारांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

रेल्वेच्या पुलाला लागूनच रस्त्याचाही पूल होता. तोही मुळात लाकडी, १८२४ मध्ये बांधलेला, टोल भरून ओलांडायचा. दोन पूल शेजारी-शेजारी, एकाच खाऱ्या पाण्यात झिजणारे. १९५६ मध्ये रस्त्यासाठी नवा काँक्रीटचा पूल उभा राहिला आणि १९६० मध्ये त्याच्यावरचा टोलही गेला. रेल्वेच्या लाकडी पुलाकडे मात्र फक्त डागडुजीच्या नजरेने पाहिलं गेलं. त्याची नीट दुरुस्ती करायची तर चार लाख पौंड लागतील, असा अंदाज पुढे आला. मार्गाच्या रोजच्या हिशेबात फारसा तोटा नव्हता, पण साडेचार मैलांच्या शाखेने एवढी रक्कम कुठून आणायची? मार्ग बंद करायचं ठरलं. लँगस्टनला याच रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं. ते बंद झालं की उन्हाळ्यात मोटारींच्या रांगा लागत. त्यामुळे रेल्वे जाण्याचं दुःख सगळ्यांनाच झालं असंही नाही.

माझ्या मते इथे अन्याय झाला तो हिशेबाच्या पद्धतीत. रस्त्याचा पूल ही सगळ्यांची गरज मानली गेली, तो बांधताना त्यावरून जाणाऱ्या बसचा नफा-तोटा कुणी विचारला नाही. रेल्वेच्या पुलाचा सगळा भार मात्र एकट्या शाखेच्या तिकीटविक्रीवर टाकला गेला. तिकीटविक्रीचा आकडाही किनाऱ्यावरच्या शाखांना नेहमीच दगा देणारा. बीचिंग अहवालासाठी प्रवाशांची मोजणी झाली ती एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्यात, म्हणजे सुटीचा हंगाम सुरू होण्याआधी. आणि उत्पन्न धरलं गेलं ते तिकीट जिथे विकलं त्या स्थानकाच्या नावावर. लंडनचं कुटुंब परतीची तिकिटं लंडनलाच काढून किनाऱ्यावर येई, पैसे लंडनच्या खात्यात जमा होत, आणि ज्या स्थानकामुळे तो प्रवास घडला ते कागदावर ओसाड दिसे. इंग्लंडच्या कितीतरी किनारी मार्गांचं दुखणं हेच होतं.

शेवटची नियमित गाडी शनिवार, २ नोव्हेंबर १९६३ रोजी धावली. दुसऱ्या दिवशी रेल्वेप्रेमींसाठी निरोपाची एक खास गाडी काढण्यात आली. शेवटच्या दिवसांत कामावर असलेल्या इंजिनांपैकी ‘फेनचर्च’ हे १८७२ चं, म्हणजे तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या सेवेतलं सर्वांत जुनं इंजिन. वय ९१ वर्षं.

मार्ग वाचवायचा एक प्रयत्न नंतर झाला. हलक्या ट्रामगाड्या चालवल्या तर पुलावर ताण पडणार नाही, या विचाराने स्थानिक उत्साही मंडळींनी ब्लॅकपूलची एक जुनी ट्राम विकत घेऊन हॅवंटला आणलीसुद्धा. कल्पना शहाणपणाची होती, पैसा मात्र उभा राहिला नाही. १९६६ मध्ये पूल पाडण्यात आला.

इंजिनांचं नशीब मार्गापेक्षा चांगलं निघालं. हलकी आणि देखणी असल्यामुळे त्यांना घरं मिळाली. काही बटलिन यांच्या सुटीच्या छावण्यांमध्ये मुलांसमोर शोभेला उभी राहिली. ‘न्यूइंग्टन’ची कथा तर मला फार आवडते. लंडनच्या गाड्यांसाठी बांधलेलं हे इंजिन १९०३ मध्ये लाइम रेजिसच्या मार्गासाठी विकलं गेलं, १९१३ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर गेलं, १९४९ मध्ये मुख्य भूमीवर परतलं आणि हेलिंगच्या मार्गावर राबलं. मार्ग बंद झाल्यावर एका मद्यनिर्मिती कंपनीने १९६६ मध्ये त्याला हेलिंगवरच्या ‘हेलिंग बिली’ नावाच्या पबबाहेर पाटीसारखं उभं केलं. तिथे ऊन-पाऊस सोसत ते १९७९ पर्यंत राहिलं. मग ते आइल ऑफ वाइट स्टीम रेल्वेला देण्यात आलं, दुरुस्त झालं आणि ‘फ्रेशवॉटर’ या आपल्या तिथल्या जुन्या नावाने पुन्हा वाफेवर धावू लागलं. ‘फेनचर्च’ ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेकडे आहे.

रूळ होते त्या जागी आता बेटाच्या पश्चिम काठाने पायी आणि सायकलने जाण्याची वाट आहे. हेलिंगच्या स्थानकातली मालगोदामाची इमारत नाट्यगृह म्हणून वापरली जाते. पुलाच्या खांबांचे बुंधे पाण्यात उभे आहेत आणि रस्त्याच्या पुलावरून सहज दिसतात. कधी पोर्टस्मथच्या बाजूला जाणं झालं तर हॅवंटला उतरून ही वाट जरूर चाला, चढ-उतार जवळपास नाहीच.

पुढच्या आठवड्यात डॉर्सेटमधल्या स्वॉनेजला जाऊ. तिथली शाखा १९७२ मध्ये बंद झाली, रूळही उखडले गेले, आणि तरीही स्वयंसेवकांनी ती पुन्हा उभी केली.