लाल टोपण, नारंगी टोपण

इन्सुलिनची सिरिंज हातात आली की आधी टोपणाचा रंग बघायचा. लाल टोपण चाळीसचं, नारंगी शंभरचं. आपल्याकडच्या वॉर्डात येणाऱ्या इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलीत ४० युनिट असतात, पेनाच्या कार्ट्रिजमध्ये १००. पेन बिघडलं म्हणून कुणी त्यातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पेशंटला ५० युनिट जातात. उलट, बाटलीतलं औषध नारंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत घेतलं, तर जातात फक्त ८. पहिल्या चुकीत पेशंट घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो, त्यामुळे ती लवकर उघडी पडते. दुसरी लपून राहते. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो, आणि एक दिवस कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं.

नर्सिंगच्या मुलींना हे मी वॉर्डात, ट्रॉलीपाशी उभं करून शिकवते. वर्गात हा धडा कुणालाच अवघड जात नाही. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम मुली पाढ्यासारखे म्हणून दाखवतात. नियम चांगलेच आहेत, पण ट्रीटमेंट शीट आणि आपला हात जुळतो की नाही, एवढंच ते बघतात. शीटवरचं औषध या बाईला आज, आत्ता चालेल का, हा प्रश्न पाचांपैकी एकही विचारत नाही. तो विचारायला फार्माकॉलॉजी लागते. परीक्षेत मात्र ती औषधांच्या गटांची यादी होऊन बसते, याचा मला दरवर्षी नव्याने राग येतो.

पाचांतला पहिला नियम सगळ्यात सोपा वाटतो. स्त्री वॉर्डात तो चांगलाच घाम फोडतो. केसपेपरवर नाव शांताबाई, नातेवाईक हाक मारतात सुमन, कारण माहेरचं नाव एक आणि लग्नात ठेवलेलं दुसरं. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हटलं की सत्तरीची आजी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते आणि सुनेकडे बघते. म्हणून घाईतली मुलगी सोपा रस्ता धरते: ‘तुम्ही शांताबाई ना?’ ग्लानीतला माणूस कशालाही मान हलवतो. नाव पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे. तेवढ्यावर न थांबता केसपेपरचा नोंदणी क्रमांकही जुळवायचा. खाट क्रमांकावर विसंबायचं नाही, खाटा बदलतात.

वेळेचंही तसंच. प्लेन इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायचं, हे प्रत्येकीला पाठ असतं. पण जेवणाची गाडी वॉर्डात आली का, हे शीटवर लिहिलेलं नसतं. गाडीला उशीर झालाय, पेशंटला उलट्या होतायत, किंवा सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय, यातलं काहीही असेल तर सिरिंज ट्रेमध्येच ठेवून आधी विचारायचं. मी मुलींना सांगते, इन्सुलिन लोड करायच्या आधी दारात जाऊन गाडी बघून या. त्या हसतात, पण जातात.

मागे दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे हृदयविकाराच्या आजी होत्या. शीटवर डायगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, आठवड्यातून पाच दिवस. सोबत लघवी वाढवणारं लॅसिक्स. आजींना दोन दिवस मळमळत होतं, अन्न नको वाटत होतं. लेक म्हणत होती, पित्त झालंय. गोळी देण्याआधी मुलीने छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेले मला चालत नाहीत. डायगॉक्सिनच्या पेशंटचे ठोके अनियमित असू शकतात. भरले ५४. साठच्या खाली गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, इथपर्यंत पुस्तकातलं झालं. पुढचं तिने स्वतः जोडलं: लॅसिक्सने लघवीवाटे पोटॅशियम जातं, पोटॅशियम उतरलं की तेवढंच डायगॉक्सिन हृदयाला जड पडतं, आणि त्या विषबाधेची सुरुवात पुष्कळदा मळमळीनेच होते. तिने फोनवर निवासी डॉक्टरांना ठोके सांगितले, मळमळ सांगितली आणि विचारलं, ‘सर, पोटॅशियम पाठवायचं का?’ विद्यार्थिनीने असं विचारणं सगळ्यांनाच रुचतं असं नाही. यांना रुचलं. ईसीजी निघाला, डायगॉक्सिन आणि लॅसिक्स दोन्ही थांबली. रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.९ आलं.

त्यावर लिहून आलेलं औषध कपाटातलं सगळ्यात धोक्याचं: पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट, आणि दिसायला पाण्यासारखंच. डिस्टिल्ड वॉटरच्या खणात ते कधीही ठेवायचं नाही. थेट शिरेत पुश केलं तर हृदय थांबतं. सलाईनमध्ये मिसळून, सावकाशच द्यायचं. मिसळतानाही एक मेख आहे. लटकत्या बाटलीत औषध सोडलं तर ते जड असल्याने तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्ट डोस जातो. म्हणून बाटली खाली काढून, औषध घालून, पाच-सात वेळा उलटसुलट करायची आणि वर औषधाच्या नावाचं लेबल चिकटवायचं.

५०० मिली, चार तासांत. मुलीने तळहातावर पेनने गणित मांडलं. मी तिला कागद दिला. तासाला १२५ मिली. सेटच्या पाकिटावर एका मिलीला २० थेंब छापलेले. म्हणजे मिनिटाला ४२. इन्चार्ज सिस्टरांनी तेच गणित तिच्या कागदाकडे न बघता वेगळं केलं. दुसऱ्या माणसाने तपासायचं ते असंच. पहिलीचं उत्तर बघून मान डोलावणं म्हणजे तपासणी नव्हे. दोघींचा आकडा जुळल्यावर सेट सुरू झाला. शीटवर डायगॉक्सिनच्या रकान्यात मुलीने गोल केला आणि पुढे लिहिलं: ठोके ५४, गोळी दिली नाही, डॉक्टरांना कळवलं, वेळ. सही तिची, खाली माझी.

थेंब मोजून झाल्यावर तिने आजींना सांगून ठेवलं, हात चुरचुरला तर लगेच हाक मारा. पोटॅशियम शिरेला झोंबतं. आजींनी वीसएक मिनिटांत हाक मारलीच.