बिघाडाचा संकेतांक : साक्ष की निकाल?

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतात आणि पडद्यावर ‘पी ०१७१’ असा कोड उमटतो. पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ माझे मोटारीचे शिक्षण पुस्तकांतून आणि गॅरेजांतल्या बाकड्यांवर झाले. त्या बळावर एवढे सांगू शकतो, की हे वाक्य त्या कोडमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

या कोडच्या भाषेचे मूळ हवेच्या काळजीत आहे. लॉस एंजेलिसवर दाटणारे धुरके वाहने व तेलउद्योगातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर ऊन पडून तयार होते, हे आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियाने इंजिनाने स्वतःच्या धुरावर स्वतःच नजर ठेवावी असा नियम आणला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना त्यासाठी एकच प्रमाणित भाषा सक्तीची झाली. भारतात ही व्यवस्था भारत स्टेज-४च्या काळात, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली.

या भाषेला व्याकरण आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्सचा विभाग. पुढचे शून्य सांगते, की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. एक हा आकडा इंधन व हवेच्या मापनाचा. शेवटचे ७१ म्हणजे नेमकी तक्रार : मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला ऑक्सिजन पाहतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. या दुरुस्तीला ‘फ्यूएल ट्रिम’ म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. पेट्रोल वाढवत नेऊनही मिश्रण सुधारत नाही आणि दुरुस्तीची मर्यादा संपते, तेव्हा ‘पी ०१७१’ नोंदला जातो. ऑक्सिजन सेन्सर इथे बहुतेक वेळा फक्त निरोप्या असतो. दोषी असू शकते चिरलेली रबरी नळी, मळलेला हवामापक सेन्सर, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पेट्रोलपंप.

मग ओळखायचे कसे? हवामापक सेन्सर असलेल्या गाडीत ट्रिम दोनदा पाहावी : गाडी उभी असताना आयडलवर आणि मग इंजिन २,५०० फेऱ्यांवर ठेवून. आयडलवर ट्रिम खूप जास्त आणि फेऱ्या वाढवताच कमी होत असेल, तर संशय नळीच्या गळतीवर. आयडलवर इंजिन मुळात थोडीच हवा घेते, त्यामुळे चोरून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. उलट, भार वाढेल तशी ट्रिम चढत असेल तर इंधनपुरवठा किंवा हवामापक तपासावा. दहा मिनिटांचे हे काम हजारोंचा पार्ट वाचवू शकते. जुना मिस्त्री बॉनेट उघडून ‘सूं’ असा आवाज ऐकायचा, तेव्हा तोही हीच गळती शोधत असे.

कोड पुसण्याची घाईही महागात पडते. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते : बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार. कोड पुसला की हा पुरावाही जातो, बिघाड मात्र राहतो. म्हणून आधी सगळे लिहून घ्यावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर इंजिन जोरात ‘मिसिंग’ करते आहे. न जळलेले पेट्रोल प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळू शकते. तेव्हा वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

एरवी पार्ट बदलायला होकार देण्याआधी गॅरेजवाल्या दादांना दोन प्रश्न विचारावेत : ‘फ्रीझ फ्रेममध्ये काय दिसले? आणि हाच पार्ट खराब आहे, हे कशावरून?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘कोड आलाय ना’ एवढेच उत्तर मिळाले, तर तपास अजून सुरूच व्हायचा आहे.