लुडविग्सहाफेनची फीत आणि राखाडी मेहंदी

हल्ली आपल्या बऱ्याच घरांतून एक तक्रार ऐकू येते. नातवाने नव्या फोनवर मेहंदीचा नाहीतर मलिद्याचा व्हिडिओ घेतला. फोनवर झकास दिसतो, पण तोच आजीच्या जुन्या टीव्हीवर लावला की मेहंदी राखाडी, नवरीची साडी दहा वेळा धुतल्यासारखी. कारागीर बोलावण्याआधी हे वाचा. टीव्ही बिघडलेला नसतो.

मुलांनो, पडद्याचा उजेड मोजायला निट नावाचे माप आहे. जुन्या पद्धतीचे चित्र साधारण १०० निटांचा उजेड धरून बनवतात. नव्या पद्धतीत, म्हणजे एचडीआरमध्ये, हजार निट आणि त्याहूनही जास्त मावतात. त्यामुळे शब्बाथच्या दिव्याची ज्योत आणि मागच्या भिंतीवरची सावली दोन्ही स्वच्छ दिसतात. पण हंड्यातले पाणी तांब्यात ओतायचे म्हटले तर काय होणार?

आवाजालाही असाच पल्ला असतो, आणि त्याची जुनी कहाणी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची आहे. हे गाव ऱ्हाइन नदीवर, पलीकडच्या काठाला मानहाइम. इथल्या बीएएसएफ कारखान्याची अक्षरे आपल्यापैकी ज्यांनी कीर्तने टेप केली, त्यांनी कॅसेटवर पाहिली असतील. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाची बारीक पूड बसवून हा कारखाना फीत बनवी आणि एईजी कंपनी ती फिरवायचे यंत्र, मॅग्नेटोफोन. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पुढच्या वर्षी, १९ नोव्हेंबर १९३६ रोजी, कारखान्याच्याच सभागृहात लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला, संचालक सर थॉमस बीचम. तो फितीवर उतरवला गेला. मोठ्या वाद्यवृंदाचा असा हा पहिलाच कार्यक्रम मानतात. त्यातली मोझार्टची ३९वी सिंफनी आजही ऐकता येते.

ऐकायला बसलात तर खरखर आधी ऐकू येते. हळू वाजणारे व्हायोलिन तिच्यात बुडते, आणि सगळे एकदम जोरात वाजले की आवाज फाटतो. तेव्हाच्या फितीचा पल्ला ४० डेसिबलच्या आसपास होता. म्हणजे सर्वात बारीक आणि सर्वात मोठ्या ध्वनिलहरीच्या उंचीत शंभरपटीचे अंतर. १९४० साली बर्लिनच्या रेडिओत वाल्टर वेबर आणि फॉन ब्राउनम्यूल यांनी फितीवर आवाजाबरोबर कानाला न ऐकू येणारा एक उंच कंप सोडून पाहिला. खरखर दबली आणि पल्ला ६० डेसिबलवर, हजारपटीवर गेला.

यंत्राची तारीफ करतो आहोत, पण छप्पर कुणाचे होते तेही सांगायलाच हवे. तेव्हा हा कारखाना आयजी फार्बेनचा भाग होता, आणि त्याच आयजी फार्बेनने पुढे आउशवित्झला कैद्यांच्या श्रमावर कारखाना उभारला. बीचमसाहेबांची सेक्रेटरी होती बेर्टा गाइसमार. ही समोरच्या मानहाइमची यहुदी मुलगी. आधी ती फुर्टव्हेंगलर यांची सेक्रेटरी होती. नाझींनी तिला जर्मनीत काम करू दिले नाही, म्हणून ती लंडनला गेली, आणि याच दौऱ्याला इंग्रज वाद्यवृंदाबरोबर परत आली! चार वर्षांनी, २२ ऑक्टोबर १९४० रोजी, मानहाइम, लुडविग्सहाफेन आणि आसपासच्या मुलखातले ६,५०० हून जास्त यहुदी आगगाड्यांत भरून फ्रान्समधल्या गुर्स छावणीत पाठवले गेले. गाइसमारबाई १९४९ साली लंडनमध्ये वारल्या.

आता परत टीव्हीकडे. नवे चित्र जुन्या संचावर दिसावे ही खटपट रंगीत टीव्हीपासूनची. पश्चिम जर्मनीत १९६७ साली रंग आला तेव्हा उजेडाचा संदेश पहिल्यासारखाच ठेवला आणि रंगाचा वेगळा वर चढवला. जुना संच रंगाकडे लक्षच देत नसे. इस्रायलमध्ये तर उलटाच कारभार! सरकारला रंग ही चैन वाटे, म्हणून बाहेरून आलेल्या कार्यक्रमातली रंगाची खूण पुसत. त्याचे नाव मेहिकॉन. लोकही हुशार, त्यांनी अँटी-मेहिकॉन बसवले आणि त्याचे बटण पिळत बसले. इथे पूर्ण रंग आला १९८३ साली.

एचडीआरच्या एका पद्धतीत जर्मनीच्या रंगीत टीव्हीसारखीच युक्ती आहे. तिचे नाव एचएलजी, बनवली बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने, आणि २०१६ साली ती जागतिक मानकात आली. अंधाराचा आणि मधल्या उजेडाचा भाग जुन्या पद्धतीनेच लिहितात, फक्त फार झगझगीत भाग दाबून वरच्या टोकाला बसवतात. जुना टीव्ही ते बऱ्यापैकी दाखवतो, रंग थोडे फिके. दुसरी पद्धत पीक्यू. तिच्यात प्रत्येक आकडा म्हणजे ठरावीक निट, थेट १०,००० पर्यंत. जुन्या टीव्हीला हे आकडे कळत नाहीत, तो आपल्याच हिशेबाने वाचतो, आणि मेहंदी राखाडी होते.

म्हणून जुन्या पडद्यासाठी वेगळी प्रत करावी लागते, आणि तेव्हा काय सोडायचे ते कुणीतरी ठरवावे लागते. आमचा जन्म वॉर्डात गेला, तिथे हे रोज बघितले. सीटी स्कॅनमध्ये हजारो छटा असतात, पडद्यावर सगळ्या एकदम दिसत नाहीत. डॉक्टर फुप्फुसे बघताना एक पट्टा निवडतात, हाडे बघताना दुसरा. तसेच मेहंदीच्या व्हिडिओत हातांचा रंग खरा ठेवा, वरचा बल्ब पांढरा झाला तर होऊ दे. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ उघडून एचडीआर व्हिडिओ बंद केला तर आजीची अडचण मुळातच उरत नाही. पण घरचे लग्न असेल तर आम्ही चालूच ठेवू. अस्सल प्रत जपून ठेवायची आणि आजीला साधी प्रत काढून द्यायची. साध्या प्रतीतून गेलेला उजेड परत काढता येत नाही.

आणि कपाटातल्या त्या कॅसेटा, ज्यांत आजोबांचे कीर्तन आहे, त्या यंदाच संगणकावर उतरवून घ्या. उतरवताना आवाजाचा काटा लाल खुणेच्या बराच खाली ठेवावा. खरखर नंतर कमी करता येते, फाटलेला सूर मात्र सांधत नाही. उतरवून झाल्यावर कॅसेट फेकू नका, उन्हापासून आणि लाउडस्पीकरपासून दूर, उभी ठेवा.