सत्तावनचे काडतूस आणि सातपुडा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला आणि त्याच्या पहिल्याच दशकात १८५७ च्या उठावाला दीडशे वर्षे पूर्ण झाली. २००५ मध्ये आमिर खानचा मंगल पांडे पडद्यावर आला. मे २००७ मध्ये मेरठहून दिल्लीच्या लाल किल्ल्यापर्यंत तरुणांची यात्रा निघाली. त्या दशकात दाताने तोडायचे चरबीचे काडतूस हीच सत्तावनची खूण म्हणून पक्की झाली आणि सातपुडा त्या गोष्टीबाहेर राहिला. नव्या जिल्ह्याला आपला इतिहास नव्याने मांडायची ती वेळ होती. ती दवडली गेली, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

चरबीची गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच सांगितली जाते. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यात सैल उतरे. नव्या एन्फिल्डच्या ०.५७७ इंची नळीत आटे होते. गोळी तोंडाकडून ठासायची, बार उडताच ती फुगून आट्यांत घट्ट बसायची आणि गिरक्या घेत दूरवर नेमकी जायची. मात्र काळ्या दारूची राख आट्यांत साचली की पुढची गोळी उतरत नसे. म्हणून गोळीवरच्या कागदाला वंगणाचा लेप हवा होता. लेप ही नळीची गरज होती. तो कशाचा असावा, हा मात्र माणसांनी घेतलेला निर्णय होता. बंगाल फौजेतील कर्नल हेन्री टकर यांनी १८५३ मध्येच इशारा दिला होता की, या वंगणाने शिपायांच्या धर्मभावना दुखावणार नाहीत याची खात्री झाल्याखेरीज ही काडतुसे त्यांना देऊ नयेत. तो मनावर घेतला गेला नाही. पुढे उष्ण हवेत चरबीचा लेप टिकेना, गोळ्या नळीत अडकू लागल्या, तेव्हा गोळीचा व्यास ०.५५ इंचावर आणून निव्वळ मधमाश्यांचे मेण वापरात आले. शिपायांच्या श्रद्धेसाठी जो बदल आधीच करता आला असता, तो शेवटी बंदुकीच्या सोयीसाठी झाला. हे वाचताना आजही संताप येतो.

तरीही सगळा उठाव त्या लेपावर टाकता येत नाही. जानेवारी १८५७ च्या अखेरीस शिपायांनी वंगण स्वतः आणून लावावे अशी मुभा मिळाली, तर संशय काडतुसाच्या चकचकीत कागदावर गेला. एप्रिलमध्ये मेरठच्या ज्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच पद्धतीची होती. विश्वास उडाला की मेणालाही चरबी समजले जाते. तो का उडाला, याचे उत्तर छावणीत अर्धेच सापडते. उरलेल्या अर्ध्यासाठी छावणीबाहेर, आपल्या डोंगरात यावे लागते.

१८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि घाटवाटा राखणाऱ्या भिल्ल नाईकांचे पिढीजात हक्क इंग्रजांच्या मर्जीवर आले. आधी वर्षानुवर्षे भिल्लांविरुद्ध मोहिमा झाल्या, मग १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. अशा नाईकांपैकी खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात पहाऱ्याच्या चाकरीत होते; ती चाकरी गेली, तुरुंगवास झाला, सत्तावनमध्ये पुन्हा बोलावणे आले आणि काही महिन्यांतच ते भीमा नाईकांसह उठले. नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला त्यांची इंग्रज फौजेशी लढाई झाली, आणि ती संपल्यावर पकडलेल्यांना तिथेच गोळ्या घातल्या गेल्या. या लोकांच्या हाती तिरकामठे आणि तोड्याच्या बंदुका होत्या. एन्फिल्डचे काडतूस त्यांना कुणी दिले नव्हते, तोडायला सांगितले नव्हते. तरी ते उठले. चरबी हेच मूळ कारण मानले, तर अंबापाणीचा उलगडाच होत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की खाज्या नाईकांचा राग वैयक्तिक होता आणि खजिना लुटणे ही दरोडेखोरी. पण मेरठच्या बंडवाल्यांनीही तुरुंग फोडले आणि त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. एकाच वर्षाला दोन मापे लावता येत नाहीत. शिवाय एका माणसाच्या रागापायी शेकडो माणसे कुटुंबांसह डोंगरात लढायला उभी राहत नाहीत. दुसरा आक्षेप असा की अंबापाणी आजच्या नंदुरबारच्या हद्दीतले ठाणे नव्हे. हद्दी अलीकडच्या आहेत. तेव्हा शहादे, तळोदे, नंदुरबार एकाच खानदेश जिल्ह्यात होते आणि सातपुड्यातल्या भिल्ल वस्त्यांची सोयरीक त्या रेषा मानत नव्हती.

खरी अडचण साधनांची आहे. या लढाईचे जे कागद आपण वाचतो, ते बहुतेक जिंकणाऱ्यांच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले. त्यात खाज्या दरोडेखोर आहे आणि अंबापाणी बंदोबस्ताची मोहीम. २०३३ मध्ये अंबापाणीला १७५ वर्षे होतील. त्याआधी भिल्ली आणि पावरी बोलींत या लढ्याविषयी जे सांगितले-गायले जाते, ते गावोगाव फिरून नोंदवायला हवे आणि शहाद्या-तळोद्याच्या शाळांत मंगल पांडेच्या धड्याशेजारी ठेवायला हवे.