आर्येन रॉबेन

आर्येन रॉबेन (जन्म: २३ जानेवारी १९८४, बेडुम, नेदरलँड्स) हा निवृत्त डच फुटबॉलपटू आहे. डाव्या पायाने खेळणारा हा विंगर कारकिर्दीच्या उत्तरार्धात प्रामुख्याने मैदानाच्या उजव्या बाजूने खेळत असे. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाकडून त्याने २००३ ते २०१७ या काळात ९६ सामन्यांत ३७ गोल केले. नेदरलँड्स, इंग्लंड, स्पेन व जर्मनी या चारही देशांत तो साखळी विजेत्या संघाचा सदस्य होता. मोठ्या अंतिम सामन्यांत हुकलेल्या संधी, २०१३ मधील चॅम्पियन्स लीगचा निर्णायक गोल आणि वारंवार झालेल्या दुखापती यांसाठी त्याची कारकीर्द विशेष ओळखली जाते.

सुरुवातीची कारकीर्द

रॉबेनचा जन्म ग्रोनिंगन प्रांतातील बेडुम या गावी झाला. गावातील क्लबमध्ये खेळाचे प्राथमिक धडे घेतल्यानंतर तो एफसी ग्रोनिंगनच्या युवा संघात दाखल झाला आणि डिसेंबर २००० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला. २००२ मध्ये पीएसव्ही आइंडहोवनने त्याला करारबद्ध केले. पहिल्याच हंगामात पीएसव्हीने डच साखळीचे विजेतेपद मिळवले. मातेया केझमान या आघाडीपटूबरोबर त्याची जोडी चांगलीच गाजली.

चेल्सी आणि रेआल माद्रिद

२००४ मध्ये रॉबेन चेल्सीत गेला. हंगामापूर्वीच्या सामन्यात पायाचे हाड मोडल्यामुळे त्याचे पदार्पण लांबले. मात्र परतल्यावर नोव्हेंबर २००४ चा प्रीमियर लीगमधील महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांच्या मार्गदर्शनाखाली चेल्सीने २००४-०५ व २००५-०६ असे सलग दोन हंगाम साखळी जिंकली. २००७ मध्ये तो रेआल माद्रिदमध्ये गेला व २००७-०८ चे स्पॅनिश विजेतेपद जिंकणाऱ्या संघात होता. २००९ च्या उन्हाळ्यात रेआलने क्रिस्तियानो रोनाल्डो व काका यांना विकत घेतल्यानंतर रॉबेनला क्लब सोडावा लागला.

बायर्न म्युनिक

ऑगस्ट २००९ मध्ये रॉबेन बायर्न म्युनिकमध्ये दाखल झाला. वोल्फ्सबुर्गविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात बदली खेळाडू म्हणून येऊन त्याने दोन गोल केले. प्रशिक्षक लुईस फान गाल यांनी त्याला उजव्या व फ्रँक रिबेरीला डाव्या बाजूला खेळवले. दोघांच्या आडनावांवरून ही जोडी ‘रॉबेरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या हंगामात बायर्नने साखळी व जर्मन चषक जिंकले आणि रॉबेनला जर्मनीतील वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा सन्मान मिळाला.

२०१२ हे वर्ष मात्र त्याच्यासाठी कठीण ठरले. एप्रिलमध्ये विजेतेपदाच्या दृष्टीने महत्त्वाच्या सामन्यात बोरुसिया डोर्टमुंडचा गोलरक्षक रोमान वायडेनफेलर याने त्याची पेनल्टी अडवली. बायर्न हा सामना व पुढे साखळीही हरला. १९ मे रोजी म्युनिकमध्येच झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, त्याची आणखी एक पेनल्टी चेल्सीच्या पेत्र चेकने अडवली. बायर्न शूटआऊटमध्ये पराभूत झाला. तीनच दिवसांनी बायर्न व नेदरलँड्स यांच्यातील मैत्रीपूर्ण सामन्यात डच संघाकडून मैदानात उतरलेल्या रॉबेनची बायर्नच्याच काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. २०१० च्या विश्वचषकानंतर त्याच्या दुखापतीवरून बायर्न व डच फुटबॉल संघटना यांच्यात वाद झाला होता आणि त्याची भरपाई म्हणून हा सामना ठरला होता.

२०१२-१३ च्या हंगामात त्याचे संघातील स्थानही निश्चित नव्हते. एप्रिल २०१३ मध्ये टोनी क्रूस जखमी झाल्यावर त्याला पुन्हा नियमित संधी मिळाली. २५ मे २०१३ रोजी वेम्बली येथील अंतिम सामन्यात डोर्टमुंडविरुद्ध मारियो मांजुकिचच्या गोलला त्याने साहाय्य केले आणि ८९ व्या मिनिटाला वायडेनफेलरला चकवून विजयी गोल केला. बायर्नने सामना २-१ असा जिंकला व त्या हंगामात तिन्ही प्रमुख स्पर्धांची विजेतेपदे मिळवली. २०१९ मध्ये क्लब सोडेपर्यंत रॉबेनने बायर्नसोबत आठ साखळी विजेतेपदे व पाच जर्मन चषक जिंकले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

रॉबेनने एप्रिल २००३ मध्ये पोर्तुगालविरुद्ध राष्ट्रीय संघात पदार्पण केले. युरो २००४ मध्ये स्वीडनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने शूटआऊटमधील निर्णायक पेनल्टी मारली. मोठ्या स्पर्धेत शूटआऊट जिंकण्याची ही नेदरलँड्सची पहिलीच वेळ होती.

२०१० च्या विश्वचषकापूर्वी मांडीच्या मागील स्नायूला दुखापत झाल्याने तो पहिल्या दोन सामन्यांना मुकला. जोहान्सबर्ग येथील अंतिम सामन्यात, गुणफलक ०-० असताना, वेस्ली स्नायडरच्या पासवर तो एकटाच गोलरक्षकासमोर पोहोचला. परंतु इकेर कासियासने पायाने चेंडू अडवला. स्पेनने जादा वेळेत १-० असा विजय मिळवला. २०१४ मध्ये साल्वादोर येथे स्पेनला ५-१ असे हरवताना रॉबेनने दोन गोल केले. मेक्सिकोविरुद्ध अखेरच्या क्षणी मिळवलेल्या पेनल्टीवरून मात्र वाद झाला. त्याच सामन्यात आधी एकदा आपण मुद्दाम पडल्याचे मान्य करून त्याने माफी मागितली. पेनल्टी योग्यच होती, असे त्याचे म्हणणे होते. नेदरलँड्सला तिसरे स्थान व त्याला ब्राँझ बॉल मिळाला. १० ऑक्टोबर २०१७ रोजी स्वीडनविरुद्ध संघाचे दोन्ही गोल करूनही नेदरलँड्स विश्वचषकासाठी पात्र ठरू शकला नाही. या सामन्यानंतर त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली.

खेळाची शैली

उजव्या बाजूने वेगाने जाऊन आत वळणे आणि डाव्या पायाने दूरच्या खांबाकडे फटका मारणे ही त्याची सर्वपरिचित चाल होती. ही चाल बचावपटूंना आधीच ठाऊक असे. पण नेमका केव्हा वळेल हे सांगता येत नसे. आधी वळल्यास बाहेरची बाजू मोकळी राही, उशीर केल्यास फटक्यासाठी जागा मिळे. एकाच चालीचा परिणाम एवढी वर्षे टिकण्यामागे हेच कारण होते.

निवृत्ती

जुलै २०१९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी आपल्या पहिल्या क्लबला मदत करण्यासाठी तो ग्रोनिंगनमध्ये परतला, परंतु सप्टेंबर २०२० मधील पीएसव्हीविरुद्धच्या सामन्यात पूर्वार्धातच जखमी झाला. हंगामाच्या अखेरीस परतून मे २०२१ मध्ये एम्मेनविरुद्ध त्याने दोन गोलांना साहाय्य केले. जुलै २०२१ मध्ये त्याने अंतिम निवृत्ती घेतली. एप्रिल २०२२ मध्ये त्याने रॉटरडॅम मॅरेथॉन सुमारे ३ तास १४ मिनिटांत पूर्ण केली.