निकामी पुलावरचें उद्यान

जुन्या झालेल्या पुलांचें, गोद्यांचें व रेल्वेमार्गांचें काय करावें, हा प्रश्न आज प्रत्येक मोठ्या शहरापुढें उभा आहे. पाडावयास पैसा लागतो, राखावयास त्याहून अधिक लागतो. म्हणून नगरपिते बहुधा कांहींच न करण्याचा तिसरा मार्ग पत्करतात! अशा वास्तूंसाठीं आराखड्यांची खुली स्पर्धा लावण्याची रीत पाश्चात्य देशांत बरीच रूढ आहे. तिचा उपयोग कोठें होतो व कोठें थांबतो, हें न्यूयॉर्कच्या ‘हाय लाइन’च्या हकीकतीवरून चांगलें कळतें.

मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम भागांत पूर्वीं मालगाड्या भर रस्त्यांतून धांवत. त्यांखालीं इतकीं माणसें सांपडून मेलीं कीं, लोक दहाव्या हमरस्त्यास ‘मृत्युपथ’ म्हणूं लागले. गाडीपुढें निशाण दाखवीत जाणारे घोडेस्वार नेमावे लागले. अखेर रूळ सुमारें तीस फूट उंचीच्या पोलादी पुलावर नेण्यांत आले व १९३४ सालीं तो मार्ग सुरू झाला. माल थेट गोदामांच्या वरच्या मजल्यांवर उतरूं लागला. पुढें मोटार-लॉऱ्यांनीं ही वाहतूक ओढून घेतली आणि १९८० सालीं शेवटची गाडी गेली. त्यानंतर पूल नुसता उभा राहिला. वाऱ्यानें व पांखरांनीं आणलेल्या बिया रुळांमधल्या खडींत रुजल्या; खालून गंजलेला दिसणारा तो सांगाडा वर मात्र रानफुलांचें कुरण होऊन बसला. हें खालून जाणाऱ्यांस ठाऊक नव्हतें. पुलाखालच्या जमिनींच्या मालकांस तर तो पाडूनच हवा होता.

१९९९ सालीं जोशुआ डेव्हिड व रॉबर्ट हॅमंड या दोघां रहिवाशांनीं पूल वांचविण्यासाठीं मंडळ स्थापन केलें. दोघांपैकीं एकहि वास्तुविशारद नव्हता. २००१ च्या अखेरीस महापौरांच्या कारभारानें पूल पाडण्याच्या बाजूनें पाऊल टाकलें. नवे महापौर ब्लूमबर्ग यांनीं मात्र मंडळास पाठिंबा दिला. २००३ सालीं मंडळानें जी स्पर्धा लावली, तींत आराखडा प्रत्यक्षांत उतरण्याजोगा असावा अशी अटच नव्हती! ३६ देशांतून ७२० आराखडे आले. कोणी पुलाच्या लांबीभर पोहण्याचा तलाव कल्पिला, तर कोणी जत्रेंतल्यासारखी उसळती आगगाडी.

बांधावयाचेंच नाहीं तर हा खटाटोप कशाला, असें व्यवहारी गृहस्थ विचारतील. याच शहरांत १८५८ सालीं सेंट्रल पार्कसाठीं स्पर्धा झाली होती. तीत ३३ आराखडे आले, परंतु अटी पक्क्या होत्या. उद्यानांतून चार आडवे रस्ते गेलेच पाहिजेत, ही त्यांतली एक. ओल्मस्टेड व व्हॉक्स या विजेत्यांनीं ते रस्ते भोंवतालच्या जमिनीहून खोल घालून गाड्यांची वर्दळ फिरणाऱ्यांच्या दृष्टीआड केली. ती सुंदर युक्ति अटीच्या अडचणींतूनच निघाली. पण तेथें उद्यान व्हावयाचें, हें आधींच ठरलेलें होतें. हाय लाइन राखावी कीं मोडावी, हेंच ठरलेलें नव्हतें. म्हणून निवडक आराखडे ग्रँड सेंट्रल या गजबजलेल्या स्टेशनांत मांडण्यांत आले. ज्यास आपण भंगार म्हणतों त्याचें दुसरें कांहीं होऊं शकतें, एवढें गाडी पकडावयास निघालेल्या माणसास दिसलें तरी पुष्कळ झालें.

बांधणारे निवडण्याचें काम २००४ सालीं वेगळें झालें, आणि हें वेगळें ठेवणें फार शहाणपणाचें होतें. जेम्स कॉर्नर यांची संस्था, डिलर स्कोफिडिओ व रेन्फ्रो ही वास्तुविशारदांची संस्था आणि उद्यानकार पीट औडॉल्फ यांच्याकडे तें गेलें. त्यांनीं भपका टाळला. रूळ जागोजाग तसेच ठेवले, पायवाटेच्या काँक्रीटच्या फळ्यांमधून गवत वर येऊं दिलें. २००९ सालीं पहिला भाग उघडला; पुढें २०११ व २०१४ सालीं पुढचे भाग.

मालकांचा विरोध मात्र आराखड्यानें निवळला नाहीं. २००५ सालीं शहरानें नियम बदलून पुलाखालच्या जमिनींवरचा बांधकामाचा हक्क जवळच्या इतर जमिनींच्या मालकांस विकण्याची मुभा दिली, तेव्हां निवळला. आमच्या मतें ७२० आराखड्यांहून ही सरकारी तोड अधिक चतुर होती. पण तिच्याच पोटीं उद्यानाच्या दोहों बाजूंस उंच व महागड्या इमारती उठल्या, आणि भाडीं चढलीं. जवळच सार्वजनिक वसाहतींत राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांस हें उद्यान आपलें वाटेनासें झालें. खुद्द हॅमंड यांनीं हें पुढें उघडपणें मान्य केलें आहे. असलीं कामें हातीं घेणाऱ्या इतर शहरांच्या संस्थांशीं मंडळानें आतां संबंध जोडला आहे, आणि त्यांच्या बोलण्यांत पहिला विषय बहुधा फुलझाडांचा नसतो; आराखडा काढण्यापूर्वीं शेजारच्या चाळींत कोण राहतो आणि त्यास काय हवें आहे, हा असतो.